अक्काचा व्हिडिओ माझ्याकडंच आला व्हता

सरपंच आबा, डॉक्टरसाहेब, लांबलांबनं आलेल्या आशाताई, आणि माझ्या गावकऱ्यांनो. ज्वारीची काढणी टाकून आलासा तुमी. माईक हातात दिलाय, तर बोलतो. सुशीलाअक्का माझी चुलती, आणि तुमची आशाताई. दारात येऊन "पोराचा डोस राहिलाय का गं?" म्हणून हाळी देणारी. मी जे बोलणार हाय ते चांगलं न्हाई. मागनं शिव्या घाला, आत्ता ऐका.

पुण्यात मी काय करतो, हे अक्का सोडून गावात कुणाला नीट सांगितलंच न्हाई. कॉम्प्युटरवर हाय म्हणायचो. तुमी फोनवर जे व्हिडिओ बघतासा न्हवं, त्यातली घाण आमी दिवसभर निवडतो. लोकांनी तक्रार केली की तो व्हिडिओ आमच्याम्होरं येतो. मारामारी, गळफास, बायकांस्नी शिव्या. बघायचं, काढायचं का ठेवायचं ते ठरवायचं, की पुढचा. मराठीत कन्नड मिसळून बोलल्यालं मला कळतं, म्हणून घेतला मला. कर्नाटकाच्या शिवंवरचा, जतचा हाय ना मी!

आणि एक दिवस माझ्याम्होरं अक्काच आली. ह्याच समाजमंदिराच्या पायरीवर बसलीया, मांडीवर पोरगं, हातात डोसाची बाटली. मागनं आवाज, "ही बाई पोरांस्नी इख पाजती. परवा एक पोरगं गेलं." खोटं! कुठलं पोरगं गेलं? ताप आला व्हता त्याला, दुसऱ्या दिवशी खेळत व्हतं. त्याची आई इथंच बसलीया.

आमच्यात नियम हाय. व्हिडिओत ओळखीचं माणूस असलं तर आपण ठरवायचं न्हाई. 'ओळखीचं' म्हणून बटन दाबायचं, तो दुसऱ्याकडं जातो. मी दाबलं. लय शहाणा ना मी! वाटलं, कुणीबी बघितलं तरी खोटं ते खोटंच. तो दुसरा कुठल्या मुलखातला कुणास ठाऊक. आपली बोली त्याला कळली न्हाई. बाई बाळाला औषध पाजती, एवढंच दिसलं. ठेवला त्यानं. मी वरच्या साहेबांच्या हातापाया पडलो. "तुझं नातं हाय, तू ह्यात पडू नको." मग तक्रारीवर तक्रार केली. उत्तर एकच, नियम मोडल्याला दिसत न्हाई.

आणि तुमी? तुमचा अक्कावर लय जीव, म्हणूनच चुकलासा. "हे खोटं हाय, आमची अक्का देवमाणूस हाय" असं लिवून जो तो तोच व्हिडिओ पुढं धाडायला लागला. आवं, कंपनीच्या मशीनला खरं-खोटं कळत न्हाई. लोक बघत्यात, एवढंच कळतं, मग ते आणखी लोकांस्नी दाखवतं. कराडात गेला, खंडाळ्यात गेला. तुमी लिवल्यालं मागं ऱ्हायलं आणि व्हिडिओ तेवढा पुढं गेला.

टँकरच्या रांगंत परगावची बाई अक्काला बघून पोरगं पदराखाली घ्यायला लागली. वस्तीवर एकीनं तोंडावर दार लावलं. तवा तिनं मला फोन केला. "तू तितंच हायस न्हवं? मग काढ की रं बाबा."

म्हणलं, "अक्का, घरच्या माणसाचं मला करता येत न्हाई. नियम हाय."

हसली. म्हणली, "पोलिओच्या रविवारी मी पयला डोस तुलाच पाजला व्हता. घरचा हाय म्हणून दुसऱ्या बाईकडं न्हवता धाडला."

मी फोन ठेवला.

मग तिनं ब्लड प्रेशरच्या गोळ्या सोडल्या. अख्ख्या गावाला येळंवर गोळ्या गिळायला लावणाऱ्या बाईनं! काकांनी इचारलं, तर म्हणली, "माझ्या हातचं औषध कुणी घेईना, मग मी तरी कशाला घेऊ?" गेल्या आठवड्यात चुलीम्होरं पडली, ती उठलीच न्हाई.

मी तवा 'काढा' दाबलं असतं तर? नोकरी गेली असती. गेली असती तर गेली असती!

काल कामावर परत एक आला. अक्काच्या तोंडाभवती फुलांचा हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि त्यात तोच व्हिडिओ. "इख पाजती" म्हणणारा आवाज तसाच. आपल्यातल्याच कुणीतरी मायेनं टाकलाय. नाव सांगणार न्हाई. त्याचा तरी काय दोष? जलमभर दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेऊन बसली, तिचा दुसरा फोटोच न्हाई कुणाकडं. ह्या बारीला मी नियम मोडला. 'काढा' दाबलं. सांजच्याला साहेबांनी तो परत चढवला. श्रद्धांजली काढता येत न्हाई म्हणं.

आता रीतीपरमानं दोन मिनिटं उभं ऱ्हायचं. त्याआधी फोन काढा आणि तो व्हिडिओ पुसा. जगातनं जायचा न्हाई, म्हाईत हाय मला. तुमच्या हातातनं तरी जाऊ दे. आणि ज्याला पुसवंना, त्यात अक्का जित्ती दिसती म्हणून हात उचलंना, त्यानं नुसतं उभं ऱ्हावं. मलाबी अजून पुसवला न्हाई.

उठा.