तळ्याकाठचा दुसरा घाव

गुरुजी : हात उगारण्यापूर्वी एवढे ऐक. ज्या हाताने तुझ्या भावाचे प्राण राखले, त्याच हाताने त्याचे हाड मोडले. दोहोंपैकी एकच सत्य धरून न्याय करशील, तर तो अन्याय होईल.

थोरला : बाजूला व्हा, गुरुजी. शाळेत शिकवलंत म्हणून मान ठेवतोय. गच्चीतून मी डोळ्यांनी पाहिलं. धाकटा तळ्याच्या पायरीवर आडवा, आणि हा माळी त्याला फावड्याच्या दांड्याने बडवतोय! कशासाठी? चार माशांसाठी? लोकांनी आत्ताच दवाखान्यात नेलं त्याला!

गुरुजी : तू उशिरा पाहिलेस. मी बाकावरच होतो. मासे मारायला तुझ्या भावाने दिव्याच्या खांबातली वायर तळ्यात सोडली आणि त्याचाच हात तिला चिकटला. याने लाकडी दांड्याने तो झटकला नसता, तर पहार उचलण्याऐवजी तू भावाला खांदा देत असतास.

थोरला : काय रे माळ्या, खरं?

माळी : खरं. पण अर्धं.

गुरुजी : अरे, थांब...

माळी : नाही गुरुजी. वायर पहिल्याच फटक्यात सुटली. हाड तेव्हा नाही मोडलं. मग मी पाण्याकडे पाहिलं. सगळे मासे पोट वर करून. म्हातारं कासवसुद्धा. एवढं जुनं तळं, लोकांनी उकिरडा केला होता त्याचा. गाळ मी उपसला, सावलीचं झाड न् झाड मी लावलं. डोकंच फिरलं माझं. तो ‘काका, नको’ म्हणत होता, तरी मारलं. हाड तेव्हा मोडलं. आवाज आला मला.

थोरला : आवाज आला? मग हाही ऐक!

(पहार माळ्याच्या खांद्यावर बसते. तो गुडघ्यांवर कोसळतो.)

माळी : आई गं!

थोरला : ऊठ, भेकडा! उचल तो दांडा! मार मला!

माळी : नाही उचलणार.

गुरुजी : पुरे! हा घाव भावासाठी होता, असे घटकाभर मानतो. पुढचा तुझ्या एकट्याच्या रागाचा असेल. याचाही दुसरा घाव तसाच होता.

थोरला : उजवा हात आहे हो त्याचा! शिवणकामावर पोट आहे पोराचं.

माळी : माहीत आहे. हा सदरा त्यानेच शिवलाय.

थोरला : ...रक्ताने भिजला सगळा. गुरुजी, ही पहार घ्या माझ्याकडून. लांब ठेवा. माझा मला भरवसा नाही.

गुरुजी : दे इकडे.

थोरला : चल रे. चांगला हात माझ्या मानेवर टाक. दवाखान्यात धाकट्यापुढे उभा राहा, आणि मला सांगितलंस तेच त्याला सांग. एक अक्षर गाळू नकोस.

माळी : नाही गाळणार.

गुरुजी : सावकाश जा, बाळांनो. जे जे मोडले, ते सारे सांधले जावो.