मूळ चावी सोबत आणावी

—नाही नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय नावालाच आहे. या, इकडे खुर्चीवर बसा. तुमची चावी राहू द्या हातातच, आधी हे एक कपाट हातावेगळं करतो. पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई आहेत, त्यांनी परीक्षेचे पेपर कपाटात ठेवले, चावीही जपून आतच ठेवली आणि वरून दार ढकलून दिलं. बसलं ना ते! कुलपावरचा नंबर लिहून दिलाय, त्यावरून नवी करतोय. सकाळपासून दोनदा येऊन गेल्या. मुलं खूश आहेत म्हणे. आता तिसऱ्यांदा येतील तेव्हा चावी तयार नसली तर मला कोपऱ्यात उभं करतील — पाचच मिनिटं. तोवर गप्पा मारू. म्हणजे मी मारतो, तुम्ही ऐका; आमची बायको म्हणते, ह्यांच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे समोरच्यानं फक्त मान हलवायची. — शहरात नवीन ना तुम्ही? बघा, ओळखलं की नाही! कसं काय विचारा. गळ्यात ती ऑफिसची निळी पट्टी. आज शनिवार, ऑफिस अर्ध्या दिवसात सुटलं, आता चार वाजून गेले, तरी पट्टी गळ्यातच. जुनी माणसं ती लिफ्टमध्येच काढून खिशात कोंबतात. त्यावरचं नाव-बिव काही दिसत नाही हो मला, लांबचा चष्मा घरी राहिलाय. पण एवढं कळलं की नोकरी नवी, शहर नवं, आणि राहायचं कुठे हा घोर. — काय म्हणालात? मिळालीय जागा? असं पहिल्या महिन्यात सगळेच म्हणतात. मिळाली म्हणजे टेकलात हो कुठेतरी. जागा निवडणं वेगळं.

ऐका माझं. एजंटला विचारू नका, एजंटला प्रत्येक खोलीत उजेडच दिसतो. ऑफिसातल्या लोकांना विचारू नका. ते स्वतः जिथं फसलेत तिथंच तुम्हाला बोलावतात, सोबत होते म्हणून. विचारायचं ते चावीवाल्याला. पस्तीस वर्षं बसलोय इथं. कुठल्या भागातली माणसं कशी, ते मला त्यांच्या चाव्यांवरून कळतं. आता टेकडीवरचा भाग घ्या — उंच उंच इमारती, खाली बाग, बागेत न चालणारं कारंजं — दारांना चाव्याच नाहीत! आकडे दाबायचे. आणि आतली बॅटरी संपली की मला फोन. मागं गेलो तर एक मोठे साहेब मोजे घालून जिन्यात बसलेले. कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आले नि दार मागं लागलं. म्हटलं साहेब, शेजारी बसायचं ना तोवर. तर म्हणे, शेजारी कोण राहतं तेच माहीत नाही. किती वर्षं आहात इथं? सात. — तिथं नको. तुम्ही एकट्या, आजारी पडलात तर पाणी विचारायला कोणी यायचं नाही.

मग काय, तळ्याकाठी? तिथं उलटा प्रकार. एका दाराच्या पाच-पाच चाव्या करून नेतात. एक शेजारणीला, एक कामाच्या मावशींना, एक सासूबाईंना, एक खालच्या काकांना कारण त्यांचं पाणी आधी जातं. एक बाई सहावी करायला आल्या, म्हटलं आता कोण राहिलं? म्हणाल्या, मीच. त्यांची स्वतःची कुणीतरी घेऊन गेलं होतं. ऑफिसातून दमून या, तर घरात शेजारीण तुमचाच टीव्ही बघत बसलेली — पण चहा टाकते हो तुम्हाला, उठून टाकते. चांगला भाग आहे तो. मला विचाराल तर तोच बरा, मध्यावर पडतो सगळ्यांना. हसताय कशाला? कारखान्यामागं राहायचंय का मग? तिथं एका खोलीत पाच पोरं आणि चाव्या दोन. चावी ठेवायची कुठं, तर दाराबाहेरच्या उजव्या बुटात. एका मजल्यावर नाही, सगळ्या मजल्यांवर उजव्याच बुटात. चोराला काही आव्हानच ठेवलेलं नाही बिचाऱ्याला.

पण एक सांगून ठेवतो, कुठंही जा, त्या शेवटच्या स्टॉपच्या बाजूला तेवढं फिरकू नका. नवीन वस्ती, नवीन ऑफिसं, काचाच काचा. — थांबा हो, आधी पुरतं ऐका, मग बोला. बस बदलून बदलून दोन तास. झाडं लावलीत ती अजून काठीला बांधलेली. धूळ तर अशी की सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी नाव लिहावं. आणि त्या पिवळ्या इमारती! जिन्याच्या दिव्याचं बटण तळमजल्यावर, दिवा वरती. म्हणजे वर पोचेपर्यंत कुणीतरी खाली तो बंद करतं. तिसऱ्या मजल्यावर डावीकडं एक दार आहे, त्याला साधी पाटीसुद्धा लावलेली नाही अजून. समोरच्या बाल्कनीत एक कुत्रं बांधलेलं असतं, ते आल्या-गेल्यावर भुंकत नाही, नुसतं बघत राहतं. त्यापेक्षा भुंकलेलं परवडलं. — अं? मला कसं माहीत? कामाला गेलो होतो की. म्हणजे… तसं काम असं नाही म्हणता यायचं.

आमची मुलगी राहते तिथं. झालं, सांगितलं. एकुलती एक. इथूनच जायची आधी नोकरीला, सहा महिने गेली. सकाळी अंधारात निघायची आणि यायची ती जेवताना ताटावर पेंगायची. तिच्या आईनं एकदा तिच्या हातातला घास खाली पडताना पकडलाय, खोटं नाही सांगत. म्हणजे जागा बदलायला हवी हे मलाही दिसत होतं, आंधळा नाहीये मी. मी काय केलं, शहराचा नकाशा आणला, तिच्या शाळेच्या दप्तरातलं जुनं कर्कटक शोधून काढलं, एक टोक ऑफिसवर, एक टोक आपल्या घरावर, बरोब्बर मध्य काढला — तळ्याकाठ! तुला एक तास, आम्हाला एक तास. रविवारी तू ये, बुधवारी आम्ही येतो. लाल पेनानं गोल करून दिला. आणि ती काय म्हणाली माहितीय? बाबा, मला मधे कुठंतरी राहायचं नाही, मला ऑफिसजवळ राहायचंय. नऊच शब्द. तिच्या जागी कुणी गिऱ्हाईक असतं तर म्हटलं असतं, बरोबर बोललात. पण पोटची मुलगी म्हणाली ना — डोकंच फिरलं माझं.

तुम्ही सारख्या त्या खिळ्याकडं काय बघताय? ती लाल दोऱ्याची? ती विकायची नाही, नमुन्याची पण नाही. — आमच्या घरची आहे. मुलीची. आता बोललोच आहे तर… भांडणात माणूस बोलून जातो. मी म्हटलं, एवढी स्वतंत्र झालीस ना, मग घरची चावी ठेवून जा. चावीवाल्यानं म्हणावं हे! दुसऱ्यांच्या पोरांना चाव्या करून देण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या मुलीची काढून घेतली. मला वाटलं, ती चिडेल, ओरडेल, नेहमीसारखी दार आपटेल. तिनं शांतपणे जुडग्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली. नख तुटलं तिचं सोडवताना. तीन महिने झाले. तसं बोलतो आम्ही, अबोला वगैरे काही नाही. ती आईशी बोलते, आई माझ्याशी बोलते, झालं की बोलणं.

ही पाटी वाचलीत? तुमच्या डोक्यावर. वाचा मोठ्यानं. — बरं, मीच वाचतो. ‘साबणावरच्या किंवा मेणावरच्या ठशावरून चावी करून मिळणार नाही. मूळ चावी सोबत आणावी.’ मीच रंगवलीय. लोक येतात हो, खिशातून हळूच साबणाची वडी काढतात, की मी समजलो — कुणाच्यातरी पाठीमागं चाललंय. सरळ हाकलून देतो. एकदा तर एक चांगला टाय लावलेला गृहस्थ साबणासकट पळाला. पस्तीस वर्षांत कधी केली नाही. आणि मग मागच्या महिन्यात ती घरी आली, मी नसताना येते तशीच, आईला भेटायला. पण मी जरा लवकर पोचलो. ती आत गाद्या-उशा बांधत होती आणि तिच्या नव्या घराची चावी टेबलावर. मोरीत साबण होता. कसं सांगू, बोटंच पुढं गेली माझी. तर त्या ठशाच्या वडीनं बायकोनं हात धुतले! अर्धा ठसा गेला वाहून. उरलेल्यावरून आणि डोळ्यांनी टिपलं होतं त्यावरून केली. ही बघा, वरच्या खिशात असते.

नाही हो, चोरीला कशाला! तिच्या घरात आहे काय, एक गादी आणि एक कुंडी. मला नुसतं… आजारी पडली, दार उघडता आलं नाही, तर? असं मी बायकोला सांगणार होतो, ते सांगायचं धैर्य झालं नाही. मग एका मंगळवारी दुकान बंद ठेवून गेलो. दोन तास. तीन मजले चढलो, दिवा मधेच बंद झाला. दारासमोर उभा राहिलो, चावी हातात. मुलगी ऑफिसात, आत कोणी नाही. त्या कुत्र्यानं असं बघितलं माझ्याकडं की मी चावी लावलीच नाही. खाली आलो, पुढची बस धरली. बायकोला सांगितलं, तिकडं एक तिजोरी अडकली होती. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

चला, कपाट झालं. द्या आता तुमची. दोन करायच्यात म्हणता? बरं. लॅचची दिसते — थांबा. थांबा जरा. हे दाते… पहिला खोल, दोन उथळ, मग उतार. ही चावी माझ्या बोटांना पाठ आहे. ही तुमच्याकडं कशी आली? — राहता? तिच्याबरोबर? कधीपासून? सोमवारपासून! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? — हो, खरंय, मी बोलू कुठं दिलं. मघाशी म्हणालात जागा मिळालीय, तेव्हा हीच का ती जागा? पिवळी इमारत, काठीला बांधलेली झाडं, सगळं सगळं सांगून बसलो मी. साबणसुद्धा. अरे देवा.

पण तिथून इथं? दोन तास बस बदलत, एका चावीसाठी? तिकडं चावीवाला नाही? — आहे? दोन आहेत? मग? — तिनं सांगितलं. काय सांगितलं नेमकं, तिचे शब्द सांगा. — ‘त्यांच्याकडेच कर, दुसऱ्या कुणाची चावी नीट बसत नाही.’ असं म्हणाली? बरं. बरं. आणि दोन कशाला? एक तुमची. दुसरी कुणाला? — कुणाला? पुन्हा सांगा, जरा मोठ्यानं. — मला.

काही नाही, काही नाही, पाणी नको. तू बस गं. उजेडाकडं धरू दे जरा दोन्ही. ही तिची, ही माझी साबणावरची. दिसतोय फरक? तिसरा दाता. केसभर जास्त गेलाय. म्हणजे त्या दिवशी लावली असती तरी उघडलं नसतं. महिनाभर खिशात घेऊन फिरतोय आणि — बरं झालं. फार बरं झालं. ही चालली भंगाराच्या डब्यात. ऐकलास आवाज? आता कानावर हात ठेव, मशीन ओरडतं. — ही तुझी. आणि ही… हिला मशीन नको, हिच्यावर शेवटची कानस हातानं मारतो.

झालं. हात पुढं कर. ही मूळ, ही तुझी, नवीन आहे तोवर जरा घट्ट वाटेल, जोर लावू नकोस. माझी राहू दे माझ्याकडं. आणि हे बघ, साबणाचं तिला सांगू नकोस. मी सांगीन, मीच सांगीन. बुधवारी येतो म्हणावं आईला घेऊन, आणि बेल वाजवीन, चावी असली तरी बेल वाजवीन. बेल चालते ना तुमची? नसली तर येताना दुरुस्त करायला घेऊन येतो सामान. — आणि थांब, ती खिळ्यावरची काढ. लाल दोऱ्याची. माझा हात पोचत नाही… पोचतो, पण तूच काढ. ही दे तिला. काही निरोप नाही, नुसती दे. विचारलं तर सांग, उगाच खिळा अडवून बसली होती म्हणाले बाबा.

जा आता, चारपन्नासची बस चुकेल तुझी, उजेडात पोच. पैसे नकोत, चल, नीघ म्हणतो ना! — या बाई, या, झालीय, केव्हाची तयार आहे तुमची चावी. नाही, त्या स्टुलावर नको.