सुसाटची डावी बाजू

भाची : चहा ठेवू नकोस मामा, मी भांडायला आलेले नाही.

मामा : भांडायला आलेल्यालाही चहा लागतोच. बस. त्या स्टुलावर नको, रंग ओला आहे.

भाची : सहा महिने फोन उचलला नाहीस.

मामा : हात रंगाचे होते.

भाची : सहा महिने?

मामा : कामाला आलीस ना? कामाचं बोल.

भाची : मी केलेल्या नव्या टाइपात, म्हणजे 'सुसाट' नावाच्या छापायच्या अक्षरात, पहिली रुग्णवाहिका तयार झाली. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, उजवीकडून बघितलं तर पेशंट दवाखान्यात चाललाय, डावीकडून बघितलं तर परत घरी.

मामा : माणूस हुशार दिसतोय.

भाची : हसू नकोस रे. सोमवारी दुरुस्त करून दाखवायचंय. नाही जमलं तर चाळीसही गाड्यांवर कॉम्प्युटरमधलं कुठलंतरी तयार अक्षर लावून मोकळे होणार. दोन वर्षं घातलीत मी यात.

मामा : आणि अक्षरं माझी घातलीस. वीसेक वर्षं त्या गाड्या मी रंगवल्या. एक दिवस तिथला साहेब म्हणतो, पेंटरकाका, आता स्टिकर लावणार, तुमच्या भाचीबाईंनीच अक्षर केलंय. मला त्याच्या तोंडून कळलं.

भाची : चुकलं माझं. दोनदा या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले. धीर झाला नाही.

मामा : हं. साखर घे. दिसतं तरी कसं?

भाची : ठळक, उजवीकडे झुकलेलं, लांबून एका नजरेत वाचता येतं. दारावर, छतावर झकास बसतं. फक्त त्यांच्या ऑफिसने वेटिंग रूममध्ये 'शांतता राखा'सुद्धा त्यातच छापलंय.

मामा : म्हणजे शांतता ओरडून मागताहेत.

भाची : औषधांच्या चिठ्ठ्याही छापणार होते. कसंबसं थांबवलं.

मामा : बरं केलंस. ते पळत्या गाडीचं अक्षर आहे. बोर्ड रंगवणारा आधी विचारतो, अक्षर केवढं. गाडी रंगवणारा आधी विचारतो, गाडीचं तोंड कुठे. तू विचारलंस?

भाची : नाही. तुझ्या गाड्यांचे फोटो काढून त्यावरून सगळा टाइप केला. तिथल्या आवारात गाड्या डावी बाजू भिंतीला लावून उभ्या असतात. ती बाजू मी कधी पाहिलीच नाही.

मामा : डावीकडची अक्षरं डावीकडे झुकतात. गाडीच्या तोंडाकडे.

भाची : आत्ता कळून काय उपयोग? जुन्या गाड्यांना पांढरा रंग मारून झालाय. काल कॉम्प्युटरला सांगितलं, उलटं झुकव. हे बघ काय दिलं त्याने.

मामा : 'व'चं पोट सुजलंय. 'क'ची शेपटी लुळी पडलीय. आजाऱ्याच्या गाडीवर आजारी अक्षर.

भाची : म्हणून तर आलेय. नुसतं झुकवून भागत नाही, नव्यानं काढावं लागणार. तू काढायचास तसं काढून दे. टाइपावर नाव तुझंही घालते.

मामा : मला येत नाही.

भाची : आता किती राग धरशील?

मामा : राग नाही गं. खरंच येत नाही. डावी बाजू मी कधी काढलीच नाही.

भाची : मग कोणी काढली?

मामा : आपल्या घरात डावखुरं कोण आहे?

भाची : आई? आईच्या हातात ब्रश मी कधी बघितला नाही.

मामा : तू व्हायच्या आधीची गोष्ट. गिऱ्हाइकं कुरकुरायची, बाईमाणसाने रंगवलेली गाडी नको म्हणून. मग ती पहाटे यायची, डावी बाजू करून जायची. तू झालीस आणि तिचं येणं थांबलं. जाताना डाव्या बाजूच्या अक्षरांचे जाड कागदाचे साचे कापून दिले होते. सगळ्या रुग्णवाहिकांची डावी बाजू मी त्या साच्यांवरूनच रंगवली. परवा फडताळ उघडलं, तर साच्यांची वाळवीने माती केलेली.

भाची : आणि गाडीवर अक्षरांखाली सही?

मामा : माझी.

भाची : तिला न विचारता?

मामा : न विचारता. म्हणून फोन उचलत नव्हतो. तुला बोल लावायला तोंड उघडलं असतं, तर हे पण सांगावं लागलं असतं.

भाची : लाव तिला फोन.

(मामा फोन लावतो, स्पीकर सुरू करतो.)

आई : बोल दादा. बरा आहेस ना?

मामा : बरा आहे. तुझी लेक आलीय. रुग्णवाहिकेचं काम अडलंय तिचं. डावी बाजू कोणाची ते मी तिला सांगितलं.

भाची : आई? ऐकतेयस ना?

आई : ऐकतेय. गाडीचं तोंड कुठे आहे?

भाची : डावीकडे.

आई : सकाळी येते. मोठे कागद आणून ठेव. माझा पसरट ब्रश वाळून दगड झाला असेल म्हणा.

मामा : नाही झाला. दर महिन्याला धुतो.

आई : बरं. आणि दादा, या वेळी खाली सहीपुरती जागा सोड.