दासगावच्या पुढचा थांबा

पोलीस ठाणे पोलादपूर, दि. १९ फेब्रुवारी २०२५

सौ. सुगंधा येसाजी उतेकर, वय ५३ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, शिक्षण सातवी, रा. कापडे, ता. पोलादपूर, जि. रायगड.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती येसाजी यांच्यासह राहते. माझी मुलगी तेजश्री, वय २७, हिचे लग्न चार वर्षांपूर्वी महाड येथील सुहास चंद्रकांत नलावडे यांच्याशी झाले. जावई जर्मनी देशात स्टुटगार्ट शहराजवळ नोकरीला आहेत. व्याही श्री. चंद्रकांत नलावडे यांनी दिलेला अर्ज मला वाचून दाखवला. मी तेजश्रीला फूस लावून नऊ महिन्यांची नात सेजल हिच्यासह घरातून पळवले व दोघींना कुठेतरी लपवून ठेवले, असे त्यात लिहिले आहे. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी मुलीच्या बाळंतपणासाठी तिकडे गेले. तीन महिने राहण्याची परवानगी होती. विमानतळावर जावई एकटेच आले होते. तेजश्री का आली नाही असे विचारले, तर ते म्हणाले, "तिला बाहेरचं सोसत नाही, आई." घराची किल्ली त्यांच्याकडे असे. तेजश्रीचा पासपोर्टही त्यांच्याकडे असे. ती फोनवर माझ्याशी बोलत असताना फोन टेबलावर का ठेवलेला असतो आणि आवाज लांबून का येतो, हे मला तिथे गेल्यावर समजले. जावई शेजारी बसून ऐकत.

सामान आणायला व बाळाला हवा दाखवायला मला बाहेर जाऊ देत. जड पिशव्या असत म्हणून जावयांनी मला बसचा महिन्याचा पास काढून दिला. घरचा पत्ता लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून, दोरी ओवून, माझ्या गळ्यात अडकवला. "आई, ही येष्टी नाही हां. हात दाखवून थांबत नाही. हरवलात तर कागद दाखवा, पोलीस आणून सोडतील," असे म्हणून ते हसले. मीही हसले. मला तिथली भाषा वाचता येत नाही, त्यामुळे मी फार लांब जाणार नाही असे त्यांना वाटत होते. मलाही तसेच वाटत होते.

तिथे बाळंतिणीला पाहायला सुईण घरी येते. ती तेजश्रीशी इंग्रजीत बोलत असे व जावई समोर बसत. एकदा त्यांना ऑफिसचा फोन आला म्हणून ते आतल्या खोलीत गेले. सुईणीने रक्तदाब पाहण्यासाठी हात मागितला. तेजश्रीने उजवा हात पुढे केला. सुईणीने डावा मागितला. त्या हाताबद्दल मी येथे काही सांगत नाही, ते तेजश्रीने सांगायचे आहे. मी त्या वेळी बाळाचे लंगोट घडी करत होते. सगळे घडी करून झाल्यावर मी ते उलगडले आणि पुन्हा घडी केले.

सुईणीने तिला एक नंबर पाठ करायला लावला. मुले घेऊन आलेल्या बायकांना राहता येईल असे एक घर तिथे आहे. त्याचा पत्ता कोणालाच सांगत नाहीत. नंबरावर फोन करायचा, जागा असेल तर ते एका थांब्याचे नाव सांगतात, आपण तिथे उतरायचे आणि त्यांची बाई तिथून घेऊन जाते. त्या वेळी जागा नव्हती.

तेजश्री लग्नाआधी कापड्याहून महाडला कॉलेजात जात होती. तीन वर्षे एसटीने एकटी ये-जा केली. जागा नसली तर दारात उभी राहून यायची, म्हणून तिच्या वडिलांनी तिला कितीदा रागे भरले आहे. तीच मुलगी तिथे दोन वर्षांत एकटी कोपऱ्यापर्यंत गेलेली नव्हती.

रविवारी जावई क्रिकेट खेळायला जात. किल्ली ते बरोबर नेत. पण बाळाला हवा मिळावी म्हणून मी ती मागून घेऊ लागले व ते मला देऊ लागले. रविवारी एका पासावर दोघांना जाता येते, हे खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला बोटे दाखवून समजावले. पहिल्या रविवारी मी तेजश्रीला व बाबागाडीला घेऊन थांब्यावर गेले. तिथली बस दाराच्या बाजूने खाली वाकते, म्हणजे गाडी चढवायला सोपे जाते. बस वाकली, दार उघडले, ड्रायव्हर वाट बघत राहिला. तेजश्री गाडीची दांडी धरून उभी राहिली. म्हणाली, "मला नाय जमायचं गो आई." बस सरळ झाली आणि गेली. आम्ही घरी आलो.

पुढच्या रविवारी मी तिला म्हटले, "हे कापडे समज. कॉलेजात निघालीस, एवढंच." ती चढली. मला थांब्यांची नावे वाचता येत नव्हती, म्हणून मी खुणांवरून आमचीच नावे ठेवली. घराजवळचे कापडे. बाजार आणि लाल अक्षराचे औषधाचे दुकान आले की पोलादपूर. बस संपते ते मोठे स्टेशन म्हणजे महाड. तिथे ट्राममध्ये बदलायचे, नदीवरचा पूल आला की दासगाव. उतरायचे असेल तर खांबावरचे बटण दाबावे लागते. ती घाबरत होती, तेव्हा मी म्हटले, "बघ, हितं कंडक्टर नाय. बेल आपल्याच हातात हाय." त्यावर ती हसली. मी तिथे गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, म्हणून लक्षात आहे.

असे करत आम्ही दासगावपर्यंत गेलो. पुलावर उतरून नदी पाहिली. सावित्रीपेक्षा अरुंद आहे. मग माझी मुदत संपली व जुलैमध्ये मी परत आले.

मी तिथे असतानाच दोघी का निघालो नाही, असे विचारले असता सांगते की, जागा नव्हती आणि तेजश्री म्हणत होती, "थोडं थांबू या." तिला ओढून नेणे मला बरोबर वाटले नाही. ओढून नेणारे माणूस तिच्याकडे आधीच होते.

या महिन्यात दि. १३ रोजी दुपारी दोनच्या सुमारास मी वालाच्या शेंगा तोडत असताना फोन आला. नंबर अनोळखी होता. तेजश्री म्हणाली, "आई, महाड गेलं." मी म्हटले, "सेजलला टोपी घातलीस काय गो?" ती म्हणाली, "घातली." नंतर बराच वेळ नुसता ट्रामचा आवाज येत होता. मग म्हणाली, "दासगाव गेलं." मी तिला पुढचे नाव विचारले नाही. म्हटले, "बरं. ठेव आता, बटण दाबायला हात मोकळा ऱ्हाऊ दे." तिने फोन ठेवला. त्यानंतर फोन आलेला नाही. जागा कधी झाली, किल्ली व फोन तिला कुठून मिळाला, ते मी विचारले नाही.

दि. १५ रोजी व्याही आमच्या घरी आले. "विहीणबाई, पोरगी कुठे लपवलीत? सातवी शिकलेल्या बाईनं माझ्या इंजिनीअर पोराचं घर मोडलं!" असे ते अंगणात उभे राहून मोठ्याने बोलले. मी म्हटले, "चहा घ्या." त्यांनी घेतला नाही. ते गेल्यावर पतीने मला विचारले, "तू तिला गाडीनं जायला शिकवलंस?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "तिला येत व्हतं गो." तेव्हापासून रात्री माझा फोन तेच चार्जिंगला लावतात.

मी तेजश्रीला पळवलेले नाही. ती सज्ञान आहे व स्वतः बसमध्ये चढली आहे. ती आता कुठे आहे असे वारंवार विचारले असता सांगते की, मला माहीत नाही. कोणी विचारले तर खोटे बोलावे लागू नये, म्हणून मी माहीत करून घेतले नाही. माझे जाणे दासगावपर्यंतच झाले. पुढचा थांबा मी पाहिलेला नाही.

तिचा फोन आल्यास पोलिसांना कळवणार का, असे विचारले. ती सुखरूप आहे एवढे कळवीन.

हा जबाब हवालदार समीक्षा कदम यांनी लिहून घेतला व मला सावकाश वाचून दाखवला. 'दासगाव' जिथे आले आहे तिथे 'ता. महाड' असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसे आहे.

सही: सुगंधा येसाजी उतेकर