तिसरा गट

हसू नका, राज्यशास्त्रात एमए करून मी खरंच सरकारी धोरणं ठरवणार होतो. प्रबंधासाठी पेठ वडगावजवळच्या एका गावात पाणी योजनेचा सर्व्हे करायला गेलतो. पहिल्याच घरातल्या काकांनी विचारलं, "पावणं, कुठल्या गटाचं? गावात दोनच हायत."

"कुठल्याच न्हाय. विद्यापीठातनं आलोय. पाण्याबद्दल तुमचं मत पायजे."

काकांनी दारातनंच शेजाऱ्याला हाक मारली, "बाळू, पळत ये! तिसरा गट आलाय!"

अर्ध्या तासात दोन्ही गट पारावर शेजारी शेजारी बसले आणि मला गावाबाहेर काढायचं एकमतानं ठरलं. कोरे फॉर्म घेऊन निघालो, तर काका एसटीपर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "पाण्याचं बघू नंतर. पॅनेलात माझं नाव घाला की."