अर्ध्या नदीत थांबलेली होडी

नाव: ओळखपत्रावर आहे, पाहून परत दिले. सगळे शिंपीणबाई म्हणतात. वय ५४ वर्षे, धंदा कपडे शिवणे व उसवणे, राहणार शाळेमागील इमारत, तळमजला.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. सात वर्षांपासून रोज दुपारी मशीन बंद केले की मी कॉम्प्युटरवरच्या एका गावात जाते. साहेबांनी "म्हणजे गेम ना?" असे विचारले. गेम म्हणा हवं तर, पण तिथली माणसं खरी, आपापल्या घरून येणारी. तिथे बाजार आहे, माझं दुकान आहे, मधून नदी आहे. पूल कुणी बांधला नाही, कारण आम्हाला नावाडीआजोबा आहेत.

आजोबांचा नियम असा की, चहाला उठायचं असलं तरी आधी होडी काठाला लावायची. काल दुपारी सव्वातीनला होडी नदीत मधोमध थांबली. आत मी, एक नर्सबाई व एक मास्तर असे तिघे होतो. मास्तर म्हणाले, "नेट गेलं असेल." मी म्हटलं, "नेट गेलं असतं तर आजोबा दिसेनासे झाले असते. ते तर वल्हं धरून उभे आहेत."

आजोबांना मी प्रत्यक्ष कधी पाहिलेले नव्हते. पण माझ्याकडची वीज गेली की तेही त्याच वेळी गायब होत, असे बाकीचे सांगत, आणि इथल्या शाळेची घंटा त्यांच्या माईकमधूनही ऐकू येई. शिवाय ते खिडकीत काठीवर मोजे वाळत घालतात, असे त्यांनीच सांगितले होते, त्यावरून आम्ही त्यांची फार चेष्टा करायचो. मी हातातल्या कात्रीसकट निघाले. शाळेसमोर तिसऱ्या मजल्यावर काठी दिसली. मोजे दोन, रंग वेगवेगळे.

दार वाजवूनही कुणी उघडेना. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ते कुणात मिसळत नाहीत. त्यांना कुणी नाही." मी म्हटलं, "अहो, अख्खं गाव आहे!" कडी मीच कात्रीने उचकटली. त्यात कात्रीचे टोक मोडले. आजोबा खुर्चीखाली पडले होते, श्वास चालू होता. शेजाऱ्यांना अँब्युलन्स बोलवायला लावली, आणि होडीतल्या नर्सबाई फोनवरून सांगत गेल्या तसं आजोबांना कुशीवर वळवलं.

डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं. आज सकाळी आजोबांनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "माणसं उतरली का?" मी म्हटलं, "उतरतायत कुठली! तुम्ही आल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसलीत." त्यांनी माझ्या मोबाइलवरून होडी काठाला लावली. काठावर सत्तर-ऐंशी जण वाट पाहत होते. असा जल्लोष झाला की वॉर्डातल्या सिस्टर आमच्यावर ओरडल्या. मी रडले. तेही लिहा.

आजोबांच्या पुतण्याने, अनोळखी बाईने दार फोडले, अशी तक्रार दिली आहे. दार मी फोडले, कबूल. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन, कात्री दुसरी घेईन.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त 'पडलेल्या इसमाशी नाते' या रकान्यात 'काही नाही' असे लिहिले होते, ते मी साहेबांना खोडायला लावले. आता तिथे 'एकाच गावचे' असे आहे. ते बरोबर आहे. खाली सही केली.