उजवा कौल

दूध संस्थेच्या नव्या चेअरमनची बायको शांतादेवी कोल्हापूरच्या स्टँडवर गावच्या एसटीच्या रांगेत उभी होती. पुढच्या दोघी शेजारच्या गावच्या, तिला न ओळखणाऱ्या.

"जुना चेअरमन हिरीत सापडला, तवापास्नं त्या गावात म्हशी पान्हाच सोडंनात."

"भर दुपारी घुबडं बोलत्यात म्हणं."

"पर देवानं उजवा कौल दिलता की. नवा गडी चेअरमन हुईल म्हणून."

"हुईल म्हणला. ढकल म्हणला न्हवता."

"कौल लावलता कुणी?"

"बायकूनं. देवाचं फूल डावीकडंच पडत हुतं. उजवीकडं पडूस्तवर गुरवाला उठू दिलं न्हाय तिनं."

एसटी लागली.

"चला की. तुमी कुठल्या, बाई?"

"कबनूरची," शांतादेवी म्हणाली, आणि कबनूरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.